कंधारकर सरांचा शहाणा रिक्षावाला

नवाबभाई आयुष्यात एकदाच शहाण्यासारखं बोलला, निकाहाच्या वेळी 'कबूल है' म्हणाला तेव्हा, असं त्याची बायको अख्तरी म्हणते. बाकी त्याचं बोलणं म्हणजे "पाय आत घ्या", "पुढं खड्डा आहे, धरून बसा" आणि सिग्नलवर पुढच्या गाडीला उद्देशून जे काही असतं ते. तरीसुद्धा सिडकोतल्या त्याच्या रिक्षा स्टँडपासून रोशन गेटच्या त्याच्या घरच्या गल्लीपर्यंत नवाबभाईचा लौकिक मोठा विचारवंत म्हणून होता. ही सगळी करामत कंधारकर सरांची.

कंधारकर सर म्हणजे मराठीचे रिटायर झालेले प्राध्यापक. शहरातल्या एका दैनिकात दर रविवारी त्यांचं 'खिडकीशी' नावाचं सदर येतं. शनिवारी दुपारी लेख हातानं लिहायचा, पाकिटात घालायचा आणि नवाबच्या रिक्षात बसून जालना रोडवरच्या कचेरीत स्वतः नेऊन द्यायचा, हा त्यांचा नेम. ईमेलनं पाठवला तर लेखातला मातीचा वास उडून जाईल, अशी त्यांना धास्ती आहे. जाता जाता सर नवाबला देशाबद्दल दोन-चार प्रश्न विचारायचे. नवाब हॉर्न वाजवायचा. आणि रविवारी छापून यायचं, 'परवा एका रिक्षावाल्याने मला सहज विचारले, साहेब, घरं मोठी झाली, पण माणसं मावेनाशी का झाली? मी निरुत्तर झालो.'

सर असे वरचेवर निरुत्तर व्हायचे. एरवी घरात, बँकेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांना निरुत्तर करणारा अजून जन्माला यायचा होता. पण रिक्षावाला, भाजीवाली, चहावाला असं कुणी गरीब भेटलं की त्यांची दातखीळ बसायची. गरीबही कसा, तर फाटक्या सदऱ्याचा, ओल्या डोळ्यांचा आणि तोंड उघडलं की सुविचार सांडणारा. नवाब बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलेला, शर्टाला रोज कडक इस्त्री मारणारा आणि भावानं सौदीहून पाठवलेलं घड्याळ मनगटावर मिरवणारा गडी. पण त्या घड्याळाला लेखात जागा नव्हती.

त्या पानावरची बाकीची मंडळीही काही कमी नव्हती. एक गृहस्थ जगात काहीही घडलं की 'हे मी तेव्हाच लिहिले होते' असं लिहायचे. तेव्हा म्हणजे केव्हा, हे शोधायला कुणाला वेळ आहे? एक बाई लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत जाऊन आल्या आणि तिथल्या कचराकुंड्यांवर लिहीत सुटल्या. नातू चालायला लागला तरी कुंड्या संपेनात. एक डॉक्टर 'एकीकडे'नं सुरुवात करून 'दुसरीकडे'ला जायचे आणि शेवटी सगळा निकाल काळावर सोपवून हात धुवायचे. काळाला जसा दुसरा धंदाच नाही.

अख्तरी पाचोडची. मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळं घरात पेपर तीच मोठ्यानं वाचायची. रविवारी सकाळी चहात खारी बुडवत पेपर उघडायच्या आधीच सांगायची, "आज सर की आजी निकलती, देखो. पिछले हफ्ते रिक्षा हो गई ना." आणि आजी निघायची. जात्यावर बसलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली आणि जगातलं सगळं आधीच कळलेली. शेवटची ओळ तर अख्तरी पेपर मिटून, नाकावर चष्मा ओढल्यासारखं करून म्हणून दाखवायची, "आपण नेमके कुठे चाललो आहोत?" हा प्रश्न सरांनी एकदा रिक्षातही विचारला होता. नवाब म्हणाला, "जालना रोडला, सर. तुम्हीच सांगितलं ना?"

हे उत्तर काही छापून आलं नाही.

चूक झाली ती नवाबच्या हातून. एका सोमवारी स्टँडवर सांडूनं पेपरची घडी पुढं केली. सांडू म्हणजे नवाबच्या मागच्या नंबरची रिक्षा, तोंडानं फाटका पण मनानं चांगला. त्यानं विचारलं, "ह्यो सरांचा रिक्षावाला तूच का रं?" सरळ 'नाय' म्हणावं की नाही? नवाबनं फडक्यानं आरसा पुसला, वर आभाळाकडं पाहिलं आणि म्हणाला, "जाऊ दे, आता काय सांगू." आपल्याकडं याचा अर्थ 'होय, मीच' असा होतो.

तिथून गाडी जी सुटली ती थांबेना. पॅसेंजर मागं बसून विचारायचे, "तुम्हीच ना ते?" नवाब नुसता हसायचा. पाचोडच्या सासऱ्यानं जावई लेखक झाला म्हणून गावभर सांगितलं. पुढं पुढं नवाब रविवारी नाक्यावरून दोन पेपर घेऊ लागला, एक घरात आणि एक रिक्षात मागच्या सीटवर, सदर वर येईल अशी घडी घालून. अख्तरी म्हणायची, "झूट बोल के बड़े मत बनो जी." नवाब म्हणायचा, "मैं कहाँ कुछ बोला?" आणि ते खरंच होतं.

या लौकिकावरच त्याला शाळेची पोरं मिळाली. सोनियाताई नावाच्या एका बाईंनी आपल्या लेकीला, श्रेयाला, त्याच्या रिक्षात घातलं आणि कॉलनीतल्या बाकीच्या आयांना सांगितलं, "पेपरात येतात ते हेच. संस्कारी माणूस आहे." बघता बघता रिक्षा भरली. आयांनी 'नवाबभाई रिक्षा' असा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. नवाबचं घर या शाळेच्या फेऱ्यांवर चालू लागलं. उन्हातान्हात गिऱ्हाईक शोधत फिरणं सुटलं. सकाळी पोरं सोडायची, दुपारी आणायची, मधे घरी येऊन जेवायचं. अख्तरीलाही ही घडी मानवली होती.

मग तो शनिवार आला. जालना रोडवर खोदकाम चाललं होतं, धुळीनं पुढचं दिसेना. नवाबच्या डोळ्यांत कचरा गेला म्हणून सिग्नलला त्यानं डोळे चोळले. मागून सरांनी विचारलं, "काय झालं?" नवाब म्हणाला, "काय नाय सर, जरा अंधुक दिसायलंय." सर गप्प झाले. सर गप्प झाले की समजावं, काहीतरी शिजतंय.

दुसऱ्या दिवशी अख्तरीनं वाचलं, 'मोतीबिंदूने धूसर झालेल्या त्या डोळ्यांनी तो रोज रिक्षा हाकतो. समोरचा रस्ता त्याला दिसत नाही. पण देशाचा रस्ता चुकला आहे, हे मात्र त्याला लख्ख दिसते. मी निरुत्तर झालो.'

अख्तरीनं पेपर खाली ठेवला. "तुमकू मोतीबिंदू कब हुआ?"

नवाबला पहिल्यांदा वाक्य फार आवडलं. देशाचा रस्ता वगैरे. त्यानं ते परत वाचायला सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकताना 'समोरचा रस्ता त्याला दिसत नाही' या ठिकाणी त्याच्या हातातली खारी चहात गळून पडली.

सोमवारी सकाळी तो सोनियाताईंच्या दारात उभा राहिला, तर श्रेया स्कूटीवर बसलेली. ताई म्हणाल्या, "नवाबभाई, राग मानू नका. पण लेकरांचा प्रश्न आहे." पुढच्या दारातही तेच. त्याच्या पुढच्या दारात तर कुलूप, लोक आधीच निघून गेले होते. नवाबनं तिथल्या तिथं समोरच्या गल्लीतल्या पाटीवरचं बारीक अक्षर वाचून दाखवलं. शेजारच्या दारातली बाई म्हणाली, "पाठ असेल."

तो डोळ्याच्या दवाखान्यात गेला, तपासणी करून घेतली, डॉक्टरांकडून लिहून आणलं की दोन्ही डोळे ठणठणीत आहेत. तो कागद घेऊन घरोघर हिंडला. एक आजोबा चष्मा लावून कागद वाचून म्हणाले, "सर्टिफिकेट काय हो, पाहिजे तसं मिळतं. कंधारकर सर खोटं लिहितील का?" नवाबच्या तोंडावर आलं होतं की सर दुसरं काय लिहितात. पण मग 'तुम्हीच ना ते?' असं विचारणाऱ्यांना इतकी वर्षं हसून दाखवलं त्याचं काय? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

शेवटी तो सरांच्या घरी गेला. त्या दिवशी नेमकं नळाला पाणी आलेलं. सरांच्या पत्नी रत्नमालाबाई पदर खोचून ड्रम भरत होत्या आणि सर खिडकीशी बसून पाणीटंचाईवर चिंतन करत होते.

"सर, मला मोतीबिंदू नाय," नवाब दारातूनच म्हणाला.

"अरे, तो तुझा नाही. तो समाजाचा मोतीबिंदू आहे," सर म्हणाले.

"समाजाचा असंल सर, पण पोरं माझी गेली ना. शाळेची. लोक म्हनतेत आंधळा रिक्षा चालवतो. तुम्ही एवढं छापा, की तो मी नव्हं."

सरांचा चेहरा पडला. सदर सुरू झाल्यापासून त्यांनी एकही शब्द मागं घेतला नव्हता. आणि तो रिक्षावाला नवाब नाही म्हटलं, तर मग कोण, असं कुणीतरी विचारणारच. कचेरीत नवीन आलेली संपादक बाई आधीच त्यांच्याकडं वाकडी मान करून बघत होती. गेल्या महिन्यात तिनं विचारलं होतं, "सर, या शहरातले सगळे रिक्षावाले इतकं छान मराठी बोलतात?" सर तेव्हाही निरुत्तर झाले होते, पण ते काही त्यांनी लिहिलं नाही.

"खुलासा करता येणार नाही, नवाब. वाचकांचा विश्वास असतो," सर म्हणाले.

"मग मोतीबिंदू काढून टाका. तुम्हीच घातला, तुम्हीच काढा. ऑपरेशन झालं म्हना."

"मग लोक म्हणतील, आत्ताच ऑपरेशन झालंय, महिनाभर तरी पोरं नकोत," बाहेरून रत्नमालाबाई म्हणाल्या. त्या ओल्या हातांनी आत आल्या. "एवढा घोळ कशाला? मारून टाका त्याला."

नवाब दारातून एक पाऊल मागं सरकला.

"तुमच्या लेखातल्याला हो. तो मेला आणि हा जिवंत आहे, म्हणजे हा तो नव्हे. लोकांना आपोआप कळेल. खुलासा नको न् काही नको. आणि श्रद्धांजलीचं तुम्हाला चांगलं जमतं. मागं माझ्या मामांवर लिहिलं होतं, त्यात मामा दोनदा आले होते, पण लेख चांगला झाला होता." एवढं बोलून त्या नळ बंद करायला गेल्या.

सरांच्या डोळ्यांत चमक आली. त्यांनी कागद ओढला. "अपघात दाखवू का? एखाद्या लेकराला वाचवताना..."

"अपघात नको, सर!" नवाब घाईनं म्हणाला. "ड्रायवरची इज्जत जाती. झोपंत जाऊ द्या."

"झोपेत म्हणजे अगदीच साधं होतं रे."

"साधंच बरं हाये. आन् लई दिवस दुखणं दाखवू नका, घरचे सेवा करत नव्हते असं वाटंल लोकायला."

बराच वेळ घासाघीस झाली. मेलेल्याच्या मागं चार पोरक्या मुली ठेवायला सर तयार होते, नवाब एकाही मुलीला तयार नव्हता. शेवटी हृदयविकाराचा हलका झटका, पहाटेची वेळ आणि नेत्रदान यावर सौदा ठरला. मोतीबिंदूचे डोळे कुणी घेईल का, हे विचारायचं दोघांनाही सुचलं नाही. नवाब सरांचा चहा पिऊन, आपलं मरण पक्कं करून, मोठ्या समाधानानं घरी आला. अख्तरीनं सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "कायकू जी? सीधा बोल दो ना लोगों को, मैं झूट बोल रहा था."

"वो मेरे से नहीं होता," नवाब म्हणाला.

रविवारी लेख आला. 'तो गेला. निरोप आला आणि मी खिडकीशी सुन्न बसून राहिलो.' पुढं सरांचे गुडघे आले, सरांच्या पहिल्या पुस्तकाचं प्रकाशन आलं, तिथं मागच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवणारा रिक्षावाला आला. नवाब त्या कार्यक्रमाला कधी गेला नव्हता. अख्तरी वाचता वाचता हसत होती. मग एका जागी तिचा आवाज संथ झाला. 'रिक्षातून उतरताना माझा पाय अडखळे. तो न बोलता खाली उतरे, वळसा घालून येई आणि माझ्या कोपराला हात देई. ते त्याने कधी बोलून दाखवले नाही. मीही कधी आभार मानले नाहीत.'

हे खरं होतं. नवाब दर शनिवारी असंच करायचा आणि सरांच्या ते ध्यानात येत असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. इतकी वर्षं खोटं लिहिणाऱ्या माणसानं एकच खरी गोष्ट लिहिली, ती त्याला मारल्यावर. नवाबला भरून आलं. सरांना हवे होते तसे त्याचे डोळे ओले झाले, पण बघायला सर नव्हते.

स्टँडवर नुसता धुमाकूळ. सांडूनं नवाबच्या रिक्षाला झेंडूचा हार घातला. सगळ्यांनी नवाबला मधे उभं करून दोन मिनिटं शांतता पाळली, म्हणजे पाळायचा प्रयत्न केला. शेवटी सांडू म्हणाला, "म्हंजी तू तो नव्हताच व्हय रं? आमाला लई येड्यात काढलंस की." नवाबनं हो म्हटलं. सांडू हसला, पण दुपारच्या चहाला त्यानं नवाबला हाक मारली नाही.

हे सगळं नवाबनं सोसलं असतं. घरी येऊन त्यानं 'नवाबभाई रिक्षा' ग्रुप उघडला. रत्नमालाबाईंच्या हिशेबात एक गोष्ट राहून गेली होती. नवाब जिवंत आहे हे लोकांना कळण्यासाठी आधी कुणीतरी चौकशी करायला हवी होती.

सकाळपासून श्रद्धांजलीचा पूर आला होता. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' 'असा माणूस होणे नाही.' 'ॐ शांती.' जोडलेले हात, पणत्या, गुलाब. सर्टिफिकेटवर विश्वास न ठेवणाऱ्या आजोबांनी लिहिलं होतं, 'साध्या माणसातला मोठा माणूस गेला.' त्याच्या खालोखाल एका आईनं विचारलं होतं, 'व्हॅनवाल्याचा नंबर कुणाकडे आहे का?' त्याला सगळ्यांचे अंगठे. मग नंबर, मग व्हॅनला एसी आहे का याची चर्चा. घरी फोन मात्र एकाचाही नाही. त्याच ग्रुपवर अख्तरीचा नंबर होता, रोज 'पोरं पोचली' असा निरोप तीच टाकायची, पण 'भाभी, हे खरं का?' असं विचारायला कुणाचं बोट हललं नव्हतं. पेपरात आलंय म्हटल्यावर विचारायचं काय?

नवाबला वाईट वाटलं. लई वाईट वाटलं. पोरांची दप्तरं उचलली, एकीला उलटी झाली तर सीट धुतली, शाळेला उशीर झाला की वॉचमनच्या विनवण्या केल्या, त्यातलं काही या श्रद्धांजलीत नव्हतं. तिथं सगळे त्या दुसऱ्याला रडत होते, जो कधी रिक्षा चालवायचाच नाही, नुसता बोलायचा.

अख्तरी म्हणाली, "लाओ, मैं लिखती."

"नको. मीच लिहितो," नवाब म्हणाला. आणि त्यानं लिहिलं. दोनदा खोडलं, परत लिहिलं. 'मी नवाब. मेलो नाही. पेपरातला रिक्षावाला मी कधीच नव्हतो, तुम्ही विचारलं की नुसता हसायचो, ती माझी चूक. शहाणं बोलता येत नाही. डोळे चांगले आहेत, रिक्षा चांगली चालवतो. उद्या नेहमीच्या वेळेला येऊ का?'

ग्रुप शांत झाला. एवढी शांतता स्टँडवरच्या दोन मिनिटांतही नव्हती. कुणीतरी टाइप करतंय असं दिसायचं आणि बंद व्हायचं. आजोबांनी आपली श्रद्धांजली डिलीट केली. बऱ्याच वेळानं सोनियाताईंचा मेसेज आला, 'अरे वा, छान! डॉक्टरांचं सर्टिफिकेट ग्रुपवर टाकून ठेवा.' मग एक अंगठा आला. मग अजून काही.

सोमवारी नवाब श्रेयाच्या दारात उभा राहिला तेव्हा सोनियाताई जरा अवघडल्या होत्या. "आम्ही तर तुम्ही ते आहात म्हणूनच तुमच्याकडं लावली होती तिला," त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार होती, एखादी वस्तू पाकिटावरच्या चित्रासारखी न निघाल्यावर असते तशी. "असू द्या आता. हळू न्या."

रिक्षात आधी बसलेल्या पोरांत श्रेया दप्तर सांभाळत चढली आणि नवाबच्या पाठीमागची आपली जागा धरून बसली. रिक्षा कॉलनीच्या बाहेर पडेपर्यंत ती त्याच्या मानेकडं टक लावून बघत होती.

"काका, तुम्ही मेले नाही?"

"नाय बेटा. पाय आत घे."

"मी रडले होते."

नवाबनं वेग कमी केला. "लई रडली का?"

"खूप. मग मम्मीनं डोसा केला."

नवाबनं आरशातून तिच्याकडं पाहिलं. म्हणजे अख्ख्या शहरात एक माणूस त्याच्यासाठी, त्या दुसऱ्यासाठी नव्हे, रडलं होतं, डोसा येईपर्यंत का होईना. त्याला इतका आनंद झाला की पुढचा खड्डा त्यानं पाहिला, ओळखला आणि रिक्षा सरळ त्यात घातली. पोरं उडाली आणि खिदळली.